अधिकातला अतिथी

त्या दिवशी दुपारचे बारा वाजायला आले तरी मला जेवू घालायला कुणी मिळालं नव्हतं.

अधिक ज्येष्ठ चालू होता. महिनाभर रोज एका अतिथीला पानावर बसवायचं आणि मगच आपण एकदा जेवायचं, असं मी धरलं होतं. फरीदाबादला मुलाच्या सोसायटीत हे सोपं गेलं असतं. तिथे गार्ड असतो, इस्त्रीवाला असतो, कुणी ना कुणी येतंच. पण मी होते लक्ष्मीबाई नगरात, आमच्या मराठी वाचनालयात, आणि उन्हाळ्यात तिथे चिटपाखरू फिरकत नाही.

वाचनालय जुनं आहे. इंग्रजांच्या काळात उन्हाळा लागला की सरकारी कचेऱ्या सिमल्याला जायच्या. त्यांच्याबरोबर मराठी कारकूनही जायचे, आणि पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून एकजण मागे दिल्लीत राहायचा. त्याला उन्हाळी ग्रंथपाल म्हणत. साहेब गेले, वाचनालय गोल मार्केटहून इकडे आलं, पण रीत राहिली. वर्षभराचे ग्रंथपाल दत्तात्रयराव मे महिन्यात साताऱ्याला जातात, आणि मी माझे देव डब्यात घालून मागच्या खोलीत मुक्कामाला येते. वाचक नसतात, तेव्हा फाटकी पुस्तकं शिवते, नवे पुठ्ठे चढवते. दिवसा दाराला कडी लावायची नाही, हाही जुनाच नियम. दार बंद दिसलं की जागा रिकामी म्हणून सरकार परत घेईल, ही भीती आमच्या कमिटीच्या हाडात मुरलेली आहे.

या वर्षी मी एकटी नव्हते. क्षिप्रा माझ्याजवळ होती. परभणीकडच्या तालुक्याच्या गावची पोर, दोन वर्षांपासून राजेंद्र नगरात राहून यूपीएससी करत होती. त्याआधी घरच्यांनी साटंलोटं ठरवलं होतं. हिनं त्या घरात जायचं आणि त्या घरची मुलगी हिच्या भावानं करायची. हळदीच्या दिवशी सकाळीच ही एसटीत बसली आणि दिल्ली गाठली. मग त्या घरानंही आपली मुलगी द्यायला नकार दिला. भावाचं लग्न मोडलं. गावात त्याला लोक काय काय म्हणाले ते क्षिप्रानं मला अर्धंच सांगितलं. भाऊ शोधत फिरतोय असं कळल्यावर ती खोली सोडून माझ्याकडे आली. रविवारी तिची पूर्वपरीक्षा होती.

"काकू, एवढा रविवार पार पडू दे," ती म्हणायची. "मग तो आला तरी बोलेन मी त्याच्याशी. धीरज वाईट नाही हो. तापट आहे."

त्या दुपारी ती प्रवेशपत्राची प्रिंट काढायला मार्केटात गेली होती. मागच्या ब्लॉकची जुनी क्वार्टर्स पाडत होते. छपरांवर उभे राहून मजूर मशीन चालवत होते, आणि आमच्या कपाटांच्या काचा दिवसभर थरथरत होत्या. मी खोलीत एका शेगडीवर खळ शिजायला ठेवली होती. मैद्याची खळ, त्यात मोरचूद घालायचं, म्हणजे कसर लागत नाही. घट्ट होईपर्यंत ढवळत राहावं लागतं. एवढ्यात बाहेरून आवाज आला.

"आहे का कुणी? वाचनालय चालू आहे ना?"

मराठी! दिल्लीत दारात कुणी मराठी बोललं की आमचं काय होतं ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. माझा जीव सुपाएवढा झाला. दारात एक तरणा मुलगा उभा होता. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, पायात धुळीनं पांढरे झालेले बूट. बूट बाहेर काढून तो आत आला आणि वाकून माझ्या पाया पडला.

"मी मानस. अभ्यासाला आलोय मावशी. मेंबर व्हायचं होतं."

"मेंबर होशील रे निवांत. जेवलास का?"

"नाही. म्हणजे, राहू द्या ना."

"राहू द्या कसलं? अधिकात आलेला अतिथी आहेस. तू जेवल्याशिवाय मला घास घेता येत नाही. हात धू."

तो हसला. चांगलं हसू होतं. पुढच्या खोलीत कपाटांमधल्या जागेत मी पाट मांडला, ताट वाढलं. वरण-भात, तोंडल्याची भाजी, कोशिंबीर, कढी. तो मांडी घालून बसला आणि घरच्यासारखा जेवू लागला.

"इथे मुली पण येतात का अभ्यासाला?" त्यानं विचारलं.

"उन्हाळ्यात कोण येतंय बाळा. मीच आहे आणि पाली आहेत."

"भारीच. भीती नाही वाटत?"

"पालींची? वाटते ना."

पुन्हा हसला. मी आत जाऊन खळ ढवळून आले. खळ चढायला लागली होती, मोठे मोठे बुडबुडे फुटत होते. बाहेर येऊन भात वाढायला वाकले आणि त्याच्या ताटाकडे नजर गेली.

कढीतली कढीपत्त्याची पानं त्यानं एकेक वेचून ताटाच्या काठाला लावली होती. एकाशेजारी एक, टोकं आत करून. क्षिप्रा अशीच लावते. पहिल्या दिवशी मी हसले तेव्हा म्हणाली होती, आमच्या आजीची शिस्त आहे काकू, आम्ही दोघं भावंडं असंच जेवतो.

माझ्या हातातला भाताचा डाव तिथेच राहिला.

"काय झालं मावशी?"

"काही नाही. तूप राहिलं."

जेवत्या माणसाला पानावरून उठवू नये. हे मला कुणी शिकवलेलं नाही, ते रक्तातच आहे. शिवाय उठवून काय करणार होते मी? बाहेर घालवलं तर तो रस्त्यावर उभा राहणार, आणि पोर त्याच रस्त्यानं येणार. मी तूप वाढलं. आणखी भात वाढला. तो नको नको म्हणाला तरी वाढला. लोणचं आठवलं, पापड आठवला. "अजून थोडं, माझ्या समाधानासाठी," म्हणत राहिले, आणि मग खळ बघते असं सांगून आत गेले. चार्जिंगला लावलेला फोन काढून क्षिप्राला लावला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

फोनची घंटा दारातच वाजली.

"अहो काकू, आलेच ना! कशाला फोन करता?" क्षिप्राचा आवाज आला. "त्या मार्केटात प्रिंटरपुढे ही मोठी लाइन—"

मी बाहेर धावले. ती उंबऱ्यात उभी होती, हातात कागदाची गुंडाळी. धीरज पाटावर होता. क्षणभर दोघंही हलले नाहीत. मग ती वळली, आणि तो ताटावरून उडालाच.

पायरीवर त्यानं तिची वेणी धरली. उष्ट्या हातानंच. ओढून आत आणलं आणि दुसऱ्या हातानं कडी घातली. जे दार आम्ही इतकी वर्षं दिवसा कधी लावलं नव्हतं, ते त्यानं एका झटक्यात लावलं.

"तुझ्या त्या खोलीवरच्या रेवतीला दोन थोबाडीत दिल्यावर पत्ता दिला तिनं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मला वाटलं, पोरगी मोठी झाली असेल दिल्लीत राहून. म्हातारीच्या पदराखाली बसलीस होय?"

"धीरज, ऐक माझं. रविवारी—"

त्यानं तिचं डोकं कपाटाच्या काचेवर आपटलं. काच फुटली. पुन्हा आपटलं. लाकडाचा आवाज आला. ती खाली बसली तशी त्यानं पोटात लाथ घातली. पाय अनवाणी होते, बूट त्यानं बाहेर काढले होते ना.

मी मध्ये गेले. "अन्न खाल्लंस माझं! सोड तिला!"

"वरण चांगलं होतं मावशी," तो म्हणाला. "आता मधे येऊ नका."

त्यानं मला ढकललं असं म्हणणं बरोबर नाही. खांद्याला धरून फेकलं. मी टेबलाच्या कडेवर तोंडावर पडले आणि तोंडात दाताचा तुकडा आला. तो थुंकून मी खिडकीशी गेले. खिडकीला गज आहेत. गजातून हात बाहेर काढून ओरडले, "बचाओ! मार डालेगा! बचाओ!" समोरच्या अर्धवट पाडलेल्या छपरावर एक मजूर मशीन धरून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मशीनच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? त्याला वाटलं म्हातारी हात हलवतेय. त्यानंही हात हलवला आणि पुन्हा कामाला लागला.

मागे धीरज तिला फरफटत आतल्या खोलीत नेत होता. फरशीवर रक्ताचा पट्टा उठत होता, भाताची शितं त्यात चिकटत होती.

"तिचं लग्न झालं मागच्या महिन्यात, माहितीये? दुसरीकडे," तो म्हणत होता. "माझ्या बायकोचं. वरातीचा बँड आपल्या दारावरून नेला त्यांनी. मुद्दाम. पारावर पोरं मला काय म्हणतात सांगू? सांग ना, सांगू?"

"मला मार, पण—"

"ते तर आहेच."

आतल्या खोलीत पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी प्रेस आहे. वर चाक फिरवलं की जाड पट्टी खाली येते आणि शिवलेलं पुस्तक गच्च बसतं. त्यात त्या दिवशी मी चार पुस्तकं घातली होती. त्यानं ती ओढून फेकली आणि क्षिप्राचा उजवा हात त्यात सारला. गुडघा तिच्या पाठीवर, एक हात मानेवर, दुसऱ्या हातानं चाक.

"ह्याच हातानं कलेक्टर होणार होतीस ना?"

चाक फिरलं. ती ओरडली नाही आधी, श्वासच गेला तिचा. मग आणखी फिरलं आणि मी तो आवाज ऐकला. ओली काटकी मोडावी तसा नव्हता तो. बारीक बारीक होता, एकापाठोपाठ एक. मग ती ओरडली. त्या आवाजाला मी आजही कशाची उपमा देऊ शकत नाही.

मी त्याच्या पाठीवर मुठी मारत होते. तो हलतही नव्हता. चाक अडलं तेव्हा त्यानं ते सोडलं. आता तिला धरून ठेवायची गरज नव्हती, हात अडकलेलाच होता. टेबलावर पुठ्ठा कापायची सुरी होती. त्यानं ती उचलली, पात्यावर अंगठा फिरवून पाहिला, आणि तिचे केस धरून मान मागे ओढली.

"डोळे मीट," तो तिला म्हणाला. अगदी हळू म्हणाला, लहान बहिणीला म्हणावं तसं.

शेगडीवर खळ रटरटत होती. मी सांडशी घेतली नाही. पातेलं पदरानं धरलं की नुसत्या हातांनी, मला आठवत नाही; नंतर दोन्ही तळहातांची सालं निघाली, म्हणजे नुसत्या हातांनीच धरलं असणार. ते उचललं आणि त्याच्या डोक्यावर पालथं केलं.

पाणी पडलं की ओघळून जातं. खळ जात नाही. ती त्याच्या केसांत बसली, कपाळावरून डोळ्यांत उतरली, गालावर आणि मानेवर निळसर पांढरी चिकटून राहिली. सुरी पडली. तो दोन्ही हातांनी चेहरा पुसू लागला तशी खळ हातांनाही लागली आणि हात भाजले. हात झटकायला गेला तर गालाची कातडी हाताबरोबर आली. तो गुरासारखा हंबरत भिंतींवर आपटत होता. मग माझा आवाज ऐकून माझ्याकडे वळला, आणि आंधळ्यासारखा चाचपडत त्यानं माझा गळा धरला. त्याच्या बोटांवरची खळ माझ्या गळ्याला चिकटली. ते डाग अजून आहेत.

मी मागे सरकत सरकत पुढच्या खोलीत आले. पायाला पाट लागला. गुडघ्यांत वाकून तो उचलला आणि मारला. त्याची पकड सुटली. पुन्हा मारला. तो खाली पडला, ताटावर. मी मारत राहिले. खांद्यावर, पाठीवर, डोक्यावर. एरवी माझ्या तोंडात सदा नाम असतं. तेव्हा तोंडात जे होतं ते मी लिहू शकत नाही, पण नाम नव्हतं. तो केव्हाच हलायचा थांबला होता. मी थांबले नव्हते.

"काकू!" आतून क्षिप्राचा आवाज आला. "काकू, बास! मरेल तो!"

तिचा हात अजून प्रेसमध्ये होता. ती गुडघ्यावर बसून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती आता त्याची नव्हती.

मी पाट खाली ठेवला. आत गेले. चाक उलट्या बाजूनं फिरवायचं होतं, आणि ते फिरवताना ती पहिल्यापेक्षा जास्त ओरडली.

दार उघडलं ते मीच. पाडकामाचा सुपरवायझर इंद्रजित अधूनमधून आमच्या माठातलं पाणी न्यायला येतो, तो बाटली घेऊन पायरीवर उभा होता. माझ्याकडे बघून बाटली त्याच्या हातातून पडली. पुढचं सगळं त्यानंच केलं. ॲम्ब्युलन्स, पोलीस, आणि शेवटी शेगडी बंद करणंसुद्धा.

सरकारी हॉस्पिटलात धीरजला जळिताच्या वॉर्डात नेलं. जगेल म्हणाले. एक डोळा जाईल. आम्हा दोघींना अपघात विभागात बाकावर बसवलं होतं. क्षिप्राच्या डोक्याला टाके पडले होते. हात पांढऱ्या पट्ट्यांत केवढाला तरी झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, बोटं राहतील, पण पेन धरता येईल का ते आत्ता विचारू नका. एक महिला पोलीस हवालदार, हरयाणाच्या बाजूची, जबाबाचे कागद घेऊन येणार होती. ती लांबून येताना दिसली तशी क्षिप्रा माझ्याकडे झुकली.

"काकू, मी सांगणार आहे की तो भेटायला आला होता. खळीचं पातेलं सांडलं. मी काचेवर पडले."

"आणि हात?"

"अडकला प्रेसमध्ये. काम करताना."

"क्षिप्रा."

"तो आत गेला तर आई एकटी पडेल काकू. बाबा नाहीत. तिला कोण आहे? तो असा का झाला तेही मला माहितीये. माझ्यामुळेच झाला ना?"

"मी माझ्यापुरतं खरं सांगणार आहे," मी म्हणाले. तुटक्या दातामुळे शब्द नीट येत नव्हते. "खळ मी ओतली. पाटानं मी मारलं. तो पडल्यावरही मारलं."

"तुम्हाला पकडतील."

"पकडू देत."

"पण माझं मी काय सांगायचं ते मला ठरवू द्याल ना? द्याल ना काकू?"

मी मान हलवली. तिचं होतं ते. मी कोण ठरवणार?

हवालदार समोर येऊन खुर्ची ओढून बसली. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत धीरजचा फोन होता, आणि तो वाजत होता.

"घर से आ रहा है बार-बार," ती म्हणाली. "मम्मी लिखा है. तुम ही बता दो बेटा, हमारी तो बात समझेंगी नहीं." पिशवीवरूनच तिनं बटण दाबलं आणि स्पीकर लावून फोन क्षिप्राच्या तोंडाजवळ धरला.

क्षिप्रानं तोंड उघडलं. पण आधी पलीकडून आवाज आला. बारीक, गोड आवाज होता बाईचा, सवाष्णीला हळदीकुंकवाला बोलावताना असतो तसा.

"धीरज, किती फोन लावायचे रे? झालं का? संपवली का तिला? सकाळपासून देव पाण्यात घालून बसलेय मी. अन्नाचा कण नाही पोटात. बोल ना बाळा, झालं का?"

मागे कुठेतरी घंटी वाजली, आणि कुणीतरी कुकर बंद करा म्हणालं.

हवालदारनं भुवया उडवल्या. "क्या कह रही हैं माताजी?"

क्षिप्रानं माझ्याकडे पाहिलं. त्या सगळ्या विभागात ते वाक्य आम्हा दोघींनाच कळलं होतं. मला हिंदी येते. चाळीस वर्षं इथेच काढली. मी सांगू शकले असते. मी खाली मान घालून माझ्या बांधलेल्या हातांकडे बघत राहिले.

"अरे बोल ना," फोन म्हणाला.

"बेटा? क्या कह रही हैं?"

"पूछ रही हैं," क्षिप्रा म्हणाली. थांबली. "पूछ रही हैं, काम हो गया क्या."

"कौन सा काम?"

"मुझे मारने का."

हवालदारचा हात फोनसकट तसाच राहिला.

"कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला. "धीरज? कोण बाई बोलतेय तिथे?"

"मी बोलतेय आई," क्षिप्रा म्हणाली.

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग फोन कट झाला.

हवालदारनं पिशवी मांडीवर ठेवली, कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. आता तिचा आवाज बदलला होता. "शुरू से बता. पहले मारने वाले का नाम."

क्षिप्रानं नाव सांगितलं. वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळं सांगितलं. हवालदार लिहीत होती. लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "और कोई?"

"हाँ," क्षिप्रा म्हणाली. "लिखिए. राधा." आणि आईच्या नावापुढे तेच आडनाव सांगितलं.